गाऱ्हाण्यांना भाड्याचं घर

मला राग लवकर येतो, हे आमच्या रेडिओ केंद्रात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून केंद्र चालवणाऱ्या सरांनी ती बातमी चहा येईपर्यंत पोटात ठेवली आणि चहाबरोबर गरम भजी आल्यावर हळूच सांगितली. माझ्या कार्यक्रमाचे जुने भाग इंटरनेटवर ज्या परदेशी कंपनीकडे ठेवले होते, तिने भाडं एकदम वाढवलं होतं. सुरुवातीची सवलत संपली होती, नवा आकडा डॉलरमध्ये होता आणि तो केंद्राला झेपणारा नव्हता. तेव्हा शेवटचे थोडे भाग ठेवून बाकीचे सगळे पुसून टाकायचे, असं सरांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"तसंही मॅडम, जुने भाग ऐकतंय कोण?" ते म्हणाले.

मी हातातलं भजं बशीत परत ठेवलं. सरांनी ते पाहिलं आणि खुर्ची थोडी मागे घेतली.

आमचं केंद्र म्हणजे रत्नागिरीतल्या एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत मशीन आणि माईक, दुसरीत सर, फायली आणि चहा. आमचा आवाज शहरात स्वच्छ ऐकू येतो, वाऱ्याची मर्जी असली तर आरे-वारेच्या रस्त्यापर्यंत जातो आणि तिथून पुढे नुसती खरखर. कॉलेजातल्या ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी इथे दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम करायला लागले. एसटीने नाहीतर कुणाच्या तरी रिक्षाने एखादी वाडी गाठायची आणि माणसांना बोलतं करायचं. पिशवीत रेकॉर्डर, पाण्याची बाटली आणि खोकल्याच्या गोळ्या. बायका कुळथाच्या पिठीपासून सुरुवात करतात आणि जावेपर्यंत पोचतात. पुरुष आंब्याच्या मोहोरापासून सुरू करतात आणि सरकारपर्यंत जातात. शेवटी वाडीचा गावकर, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचा मान ज्याच्या घराण्याकडे असतो तो मनुष्य, देवळात उभा राहून गाऱ्हाणं घालतो. तिथे कार्यक्रम संपतो.

ती शेवटची पाच-सात मिनिटं मला सगळ्यात प्रिय. गावकर देवाला अगदी घरातल्या वडीलधाऱ्याला सांगावं तसं सांगत जातो. कोण आजारी आहे, कुणाचं लग्न अडलंय, कोण मुंबईला गेलाय, कोण बोटीवर आहे, कुणाची म्हैस आटली. प्रत्येक मागणीनंतर मागे उभे असलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. तो होकार मिळाल्याशिवाय मागणी पुढे सरकत नाही. सभेत ठराव मंजूर व्हावा तसा तो प्रकार असतो, फक्त इथे विरोधी पक्ष नसतो.

माझ्या सासरच्या वाडीचे गावकर माझे चुलत सासरे. वाडी राजापूरकडे, मुख्य रस्त्यापासून बरीच आत, देवळापाशी उभं राहिलं तरच फोनला रेंज. मी त्यांना काका म्हणते. काकांनी उभा जन्म गाऱ्हाणं घातलं, पण आता त्यांचा घसा बसत चालला होता आणि त्यांच्यामागे म्हणणारं कुणी नव्हतं. पुढची पिढी सगळी मुंबईला. मुलं गणपतीला आणि शिमग्याला यायची, मागच्या ओळीत उभी राहून होकार द्यायची आणि परतीची गाडी पकडायची. काका तरी कुठे शिकवत होते? मी एकदा म्हटलं, "काका, पोरांना बसवून शिकवा की."

"गाऱ्हाणं शिकवीत नाय गो," ते म्हणाले. "मागं उभं ऱ्हायचं, कान देयाचा. देवाला वाटलं की त्येचं त्येच तोंडात येतंय."

आणि देवासमोर म्हटलेलं घरात बसून म्हणायचं नाही, हाही नियम. त्यामुळे काकांचं गाऱ्हाणं देवळाबाहेर एकाच ठिकाणी होतं, माझ्या कार्यक्रमात. तेही त्यांनी देवाला कौल लावून, म्हणजे देवाच्या अंगावर तांदूळ चिकटवून, आधी कुठल्या बाजूचा दाणा पडतो ते पाहून ठरवलं. उजवा कौल मिळाला तेव्हा मला मशीन चालू करू दिलं. त्यांच्यासारखेच आणखी कितीतरी गावकर त्या जुन्या भागांत होते. काही आता हयातही नाहीत.

हे सगळं मी सरांना एका दमात ऐकवलं. सरांनी शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवला. प्रत्येक भागापुढे तो किती वेळा ऐकला गेला याचा आकडा होता. कुठे दोन, कुठे तीन. काकांच्या भागापुढे चार होते आणि त्यातली दोन वेळा ऐकणारी मीच होते.

मला वाईट वाटलं. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, आणि ते लपवायला मी आणखी चिडले. एवढी वर्षं उन्हातान्हातून, चिऱ्याच्या खाणींच्या धुळीतून फिरून मी काय वाऱ्याशी बोलत होते?

सर मनाने वाईट नाहीत. ते म्हणाले, "शिमग्यापर्यंत मुदत आहे. केंद्राच्या चहाच्या खर्चात बसेल अशी जागा शोधा. आणि हे लोक ऐकतायत, एवढं मला दाखवा. मग एकही भाग पुसणार नाही." मी बशीतलं भजं उचललं आणि खाल्लं. गार झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जागा शोधायला लागले. शहरात भाड्याने खोली शोधताना जे ऐकावं लागतं, ते सगळं इथेही ऐकावं लागलं. पहिल्या वर्षी भाडं इतकं कमी की संशय यावा, आणि दुसऱ्या वर्षापासून तिप्पट. म्हणजे पहिलं वर्ष माहेरपण आणि नंतर सासुरवास. एका कंपनीने 'अमर्याद जागा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं की गाणी, भाषणं आणि चित्रफिती ठेवायला मनाई आहे. मग अमर्याद जागेत ठेवायचं काय, लोणचं?

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "त्या व्हिडिओच्या साईटवर टाका, फुकट असतं." टाकून पाहिलं. काका "बा देवा म्हाराजा" म्हणून श्वास घेतात न घेतात तोच एक बाई केस गळण्यावर उपाय सांगायला लागली. आणि तिच्या वाक्यानंतर लगेच वाडीतले सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणाले. मी हसून हसून बेजार झाले, पण तो भाग लगेच काढून टाकला. देवाच्या दारात तेल विकायला बसवायचं नव्हतं मला.

दुसऱ्या एकाने फुकटच्या ऑनलाइन कपाटात ठेवायला सांगितलं. ठेवले. दोन-चार जणांना दुवा पाठवला, तर 'अमुक व्यक्ती परवानगी मागते आहे' असे निरोप मला यायला लागले. दर वेळी फोन उघडून एकेकाला दार उघडून द्यायचं. पोळ्या करताना दोनदा तव्यावरची करपली. शिवाय लॅपटॉपवर नुसतं ठेवून देणं म्हणजे देवळाला कुलूप घालणं. ज्यांच्यासाठी ते होतं ती माणसं मुंबईत आणि बोटींवर होती. त्यांना मनात येईल तेव्हा ऐकता आलं पाहिजे, माझ्या परवानगीशिवाय.

शेवटी दोन देशी कंपन्या उरल्या. एक स्वस्त, दुसरी तिच्याहून थोडी महाग. स्वस्तवालीच्या मदत-क्रमांकावर एक मुलगी बोलायला आली. बोलणं पुण्याकडचं, ताशीव. तिने विचारलं, "मॅडम, तुम्हाला बँडविड्थ किती लागेल?"

"म्हणजे काय ते आधी सांग."

"म्हणजे... जागा तुमचं घर समजा. बँडविड्थ म्हणजे दरवाजा. एका वेळी किती माणसं आत येतील त्यावर तो केवढा हवा ते ठरतं."

मला जुन्या साईटवरचे ते दोन आणि तीन आठवले. "खिडकी असली तरी चालेल," मी म्हटलं. ती हसली. फोनवर मदत करणारी माणसं सहसा हसत नाहीत, त्यामुळे मला ती आवडली.

तरी निर्णय होईना. त्या आठवड्यात गावी गेले होते, तेव्हा काकांच्या पडवीत बसून सगळं सांगितलं. काका काजूच्या बिया वाळत घालत होते. म्हणाले, "दोनच हायत ना? मंग कौल लावू."

मी शिकलेली बाई. नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मलाही कंटाळा आला होता, आणि ज्याला गाऱ्हाणं घालायचं त्यालाच विचारायला काय हरकत होती? देवळात गेलो. काकांनी देवाला सगळी हकीकत सांगितली. इंटरनेटवर जागा भाड्याने घ्यायची आहे, दोन कंपन्या आहेत, स्वस्त असेल ती बरी की महाग असेल ती, ते सांग म्हाराजा. तांदळाचा दाणा टपकन पडला. स्वस्तवाली.

मग दहा-बारा दिवस मी सगळे भाग जुन्या जागेवरून नव्या जागेवर नेत होते. आमच्याकडे वीज जाते तेव्हा चढवत आणलेली फाईल पुन्हा पहिल्यापासून चढवावी लागते, हे शिकले. काही भाग मध्येच थांबून ऐकत बसायचे, म्हणून जास्त वेळ लागला. एका आजीने शिंपल्यांचं कालवण सांगता सांगता नवऱ्याची आठवण काढली होती आणि मग लगेच "मीठ घाल हां, इसरू नको" म्हणाली होती. ही फाईल सर पुसणार होते.

जागा मिळाली. आता सरांची दुसरी अट राहिली होती. मी मुंबईला फोन केला. काकांचा नातू, म्हणजे नात्याने माझा पुतण्या, म्हणून मला काकी म्हणतो. एसी दुरुस्तीचं काम करतो आणि वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचा सेक्रेटरी आहे. मंडळाची एक खोली आहे, तिथे रविवारी सगळे जमतात. मी विचारलं, "काय रे, माझे कार्यक्रम कधी ऐकता की नाही?"

"ऐकतो की काकी! दर रविवारी. चाळीस-पन्नास माणूस असतं खोलीत."

"मग साईटवर आकडा दोनाचा का?"

"फोन एकच असतो ना. माझा. मोठ्या स्पीकरला जोडतो आणि सगळे ऐकतात. गाऱ्हाणं कुणी एकट्याने ऐकतं काय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मला हसावं की रडावं कळेना, इतका आनंद झाला होता. इतर वाड्यांच्या मंडळांना फोन केले. सगळीकडे तेच. एक फोन आणि भोवती खोलीभर माणसं. एका बोटीवरच्या पोराने निरोप पाठवला की ते पाच कोकणी एका फोनभोवती बसून ऐकतात. मशीनला वाटत होतं एक माणूस ऐकतोय, आणि मशीनचं ऐकून आम्ही सगळे तसंच समजत होतो.

इथे मी शहाणपणा केला. नातवाला आणि सगळ्या मंडळांना बजावून सांगितलं, "शिमग्याआधीच्या रविवारी काकांच्या भागाचा आकडा मला दिसला पाहिजे. ज्याने त्याने आपापल्या फोनवर ऐकायचं. स्पीकर नको."

"बरं काकी. टेन्शन नको घेऊस."

त्या रविवारी सकाळी मी सरांना मुद्दाम केंद्रात बोलावलं. घरून घावनं करून नेली होती, म्हणजे माझी बाजू आणखी भक्कम व्हावी. लॅपटॉप उघडून दोघं बसलो. काकांच्या भागापुढचा आकडा आधी हलेना. मग एकाएकी उड्या मारायला लागला. सरांचा हात घावनाकडे जाता जाता थांबला. "अहो मॅडम!" ते म्हणाले. आणि तेवढ्यात पान पांढरं झालं. मधोमध एक ओळ उमटली, की हे खातं तात्पुरतं बंद करण्यात आलं आहे.

मी मदत-क्रमांक लावला. नशिबाने तीच मुलगी.

"मॅडम, घाबरू नका, तुमच्या साईटवर हल्ला झालाय. एकाच क्षणी शेकडो फोनवरून एकच फाईल मागितली गेली. असं नैसर्गिक नसतं, म्हणून आमच्या यंत्रणेने साईट बंद केली."

"अगं हल्ला कसला, ती आमची माणसं आहेत!"

"पण सगळे एकाच सेकंदाला कसे येतील?"

मला सगळं लख्ख कळलं. मी वेगवेगळ्या फोनवर ऐका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी ते अक्षरशः पाळलं. पण होकार एका आवाजात द्यायचा, तर गाऱ्हाणं सगळ्यांच्या कानात एकाच वेळी पडायला हवं. म्हणून सगळ्या खोल्यांनी आपसात ठरवून, एक-दोन-तीन म्हणून थेट गाऱ्हाण्यापाशी एकदम बोट टेकवलं होतं. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. गावकर, देऊळ, होकार, सगळं.

"त्यांना थोडं पुढे-मागे ऐकायला सांगता येईल का?" तिने अगदी नम्रपणे विचारलं.

"गाऱ्हाण्याला होकार पुढे-मागे देत नाहीत, बाळा."

ती पुन्हा हसली. म्हणाली, "काकू, मी वरिष्ठांशी बोलते, पण रविवार आहे. उद्यापर्यंत तरी उघडणार नाही." मॅडमची काकू झाले, पण साईट बंदच राहिली. सरांनी मला घावन वाढलं, आणि त्यांच्या त्या चांगुलपणानेच मला रडू यायच्या बेताला आणलं. सगळा खटाटोप ज्या गाऱ्हाण्यासाठी केला, तेच माझ्या हुशारीने बंद पडलं होतं.

तेवढ्यात नातवाचा फोन आला. आवाज दबलेला. "काकी, काय झालं गो? 'जी लेकरं दर्यावर हायत' इथपर्यंत आलं आणि थांबलं."

"साईट बंद पडली रे. उद्या सुरू होईल."

"उद्या? अगं, आम्ही सगळे उभे आहोत."

"मग बसा."

"बसा काय काकी? गाऱ्हाणं अर्धं आहे! दर्यावरची माणसं तशीच राहिलीत. चप्पल काढून, हात जोडून उभे आहोत सगळे."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गाऱ्हाणं अर्धवट टाकायचं नसतं. पाऊस आला, दिवे गेले, कुणाला भोवळ आली तरी ते पुरं करूनच माणसं हलतात. मी म्हटलं, काकांना फोन लाव. त्याने आधीच लावून पाहिला होता. काका काजूच्या बागेत, तिथे कुठली रेंज. दुसऱ्या खोल्यांमधूनही त्याला फोन येत होते. तिथेही सगळे तसेच उभे होते, कुणी भिंतीला टेकलेलंही नव्हतं.

"मग आता तूच पुरं कर," मी म्हटलं. माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे.

"मी? मला कुठे येतंय काकी?"

"लहानपणापासून मागे उभा राहून ऐकतोयस ना?"

त्याने फोन ठेवला. पुढे काय झालं ते मला दुपारी कळलं. आधी नातवाचा आवाज व्हॉट्सॲपवर आला, मग संध्याकाळपर्यंत एकेक खोलीतून येत राहिले. प्रत्येक खोलीत कुणीतरी एक जण पुढे झाला होता. कुणी कुरिअरवाला, कुणी बँकेतला, एक रिक्षावाला. सुरुवातीला चाचरत, खाकरत. नातू म्हणत होता, "बा देवा म्हाराजा... जी लेकरं दर्यावर हायत... त्यांच्या बोटीला वारा बेताचा दे म्हाराजा." मागून खोलीभर होकार. मग आवाज थोडा चढला. "ज्यांना सुट्टी नाय मिळाली, त्यांच्या साहेबाला बुद्धी दे म्हाराजा!" इथे तर होकार असा काही दणक्यात आला की माझ्या फोनचा स्पीकर फाटला. हे काकांच्या गाऱ्हाण्यात नव्हतं. हे त्याचं त्याने घातलं होतं.

मी ते सगळे आवाज सरांना ऐकवले. सर चष्मा काढून पुसत बसले. "मॅडम, हे सगळं ठेवायला जागा आहे का आपल्याकडे?" त्यांनी विचारलं. पुसायचा विषय तिथेच मिटला.

सोमवारी साईट उघडली. त्या मुलीने मला आणखी एक उपाय सुचवला. नुसतं बोलणं असेल तर फाईल पुष्कळ लहान करता येते, गाण्याला लागते तेवढी श्रीमंती बोलण्याला लागत नाही. मी एक भाग लहान करून ऐकून पाहिला. काकांचा खोकला, देवळाच्या छपरावरची खारीची धावपळ, सगळं जागच्या जागी होतं. दरवाजाही मोठा घेतला. वाड्यांच्या मंडळांनी तो खर्च आपसात वाटून घेतला आणि वर मलाच ऐकवलं, की हे आधी का नाही सांगितलंत.

मग मी गावी गेले. देवळापाशी पारावर काकांना बसवलं आणि सगळी हकीकत सांगितली. स्वस्त जागा घेऊन कसं तोंडावर पडले तेही सांगितलं. म्हटलं, "काका, देवानेच तर ती निवडून दिली होती."

"आपण स्वस्त की म्हाग येवढंच इचारलं," काका म्हणाले. "टिकंल काय, ता कुठं इचारलं?"

मी फोन त्यांच्या कानापाशी धरला. काका डोळे मिटून ऐकत राहिले आणि चुका काढत राहिले. हा घाईत आहे. ह्याने सीमेवरच्या देवाला सोडलंन. हा बरा, पण देवावर वराडतोय कशाला, देव काय बहिरा हाय? नातवाचा आवाज आला तेव्हा मात्र त्यांनी काहीच चूक काढली नाही. साहेबाला बुद्धी दे, ते ऐकून मिशीत हसले. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायची त्यांनी काही खटपट केली नाही. मीही माझे पुसले नाहीत.

"कधी शिकला ह्यो?" त्यांनी विचारलं.

"मागे उभा राहून. तुम्हीच म्हणता ना."

त्या शिमग्याला नातवाला रजा मिळाली. बाकीची पोरंही पुष्कळ आली होती. पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, येऊन बसली, माणसं गोळा झाली, ढोल थांबले. मी नेहमीप्रमाणे रेकॉर्डर घेऊन पुढे सरकत होते, तेवढ्यात काकांनी नातवाच्या खांद्याला धरून त्याला पुढे उभं केलं. नातू एकदम गोरामोरा झाला, त्याने मागे वळून पाहिलं, तोवर काका गर्दीत शिरले होते. टोपी सारखी करून मागच्या ओळीत, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

नातवाने सुरुवात केली. आवाज आधी कापला, मग स्थिर झाला. पहिली मागणी पुरी व्हायच्या आतच काकांनी मोठ्याने "व्हय म्हाराजा!" म्हणून टाकलं, एकट्यानेच. बाकीचे गप्प. दोघं-तिघं खुदकन हसले. काका ओशाळले. लहानपणानंतर मागे उभं राहून होकार द्यायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती, तो कधी द्यायचा हे त्यांना कुठून आठवणार? नातू थांबला, त्याने मागणी पुरी केली आणि दुसऱ्यांदा काका बरोबर सगळ्यांच्या सुरात आले.

हातात रेकॉर्डर चालूच होता. दर्यावरच्या माणसांची मागणी झाली, सगळ्यांनी होकार दिला, आणि काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हिकडनं बरं ऐकू येतंय गो."